पोचा आणि लांबी

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख एका जुन्या पिकअपला आलेल्या पोच्याबद्दल आहे. मागच्या शनिवारी लिहायला बसलो होतो वेगळंच काहीतरी, पण डोक्यातून हे जाईना. तेव्हा ज्यांना वीकेंडला हलकंफुलकं वाचायचंय त्यांनी आत्ताच कल्टी मारली तरी राग नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मी आज भांडणार आहे. आणि भांडण मुख्यतः तुमच्या-माझ्याशीच आहे.

तर झालं असं. माझ्या मामाची टाटा २०७ आहे, २००९ सालची. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदे-बटाटे भरायचे आणि दहाच्या आत मेस, खानावळी, दोन-तीन लहान हॉटेलं उरकायची, हा त्याचा धंदा. माझ्या दोन मामेबहिणींची शिक्षणं या गाडीच्या हौद्यातून निघाली आहेत. गेल्या महिन्यात स्वारगेटला जेधे चौकातून वळताना एका टेम्पोने डावीकडून घासत नेली. डावं मडगार्ड आत गेलं, दाराला पोचा, हौद्याचा पुढचा कोपरा चेपला. माणसांना काही नाही, देवाची कृपा.

मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मी अत्यंत शहाणपणाने म्हणालो, "मामा, विका आता ती. किती दिवस चालवणार?"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "विकतो की. मग उद्यापासून कांदे तुझ्या लॅपटॉपवर ठेवून वाहू का?"

असो. गप्प बसलो आणि शनिवारी गाडी घेऊन त्याच्याबरोबर निघालो.

पहिलं गॅरेज एकदम चकाचक. एसी वेटिंग रूम, टॅब्लेटवर फोटो काढणारा मुलगा, पंधरा मिनिटांत छापील एस्टिमेट. दार नवीन, मडगार्ड नवीन, डावी बाजू पूर्ण रंग. आकडा बावन्न हजार. मी विचारलं, "दार ठोकून सरळ नाही का होणार?" तर तो मुलगा म्हणतो, "सर, पत्रा ठोकायला आमच्याकडे माणूसच नाही. आम्ही पार्ट बदलतो." वाईट बोलला नाही बिचारा, खरं तेच बोलला. पण हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. पत्र्याचं काम करणाऱ्या दुकानात पत्र्याचं काम करणारा माणूस नाही!

दुसरं गॅरेज मला आधीपासून माहीत होतं. दोन-अडीच वर्षांपूर्वी याच गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला मार लागला होता, तेव्हा मामाला तिथे मीच घेऊन गेलो होतो. त्याने चार हजार सांगितले होते. मी घासाघीस करून बत्तीसशेवर आणले, आणि त्या दिवशी घरी जेवताना ही गोष्ट दोनदा सांगितली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार, पत्रा आरशासारखा गुळगुळीत. मी खूश, मामा खूश.

या वेळी मात्र मामा म्हणाला, नको, यार्डातले ड्रायव्हर एका मेस्त्रींचं नाव घेतात, तिकडे बघू. शंकरशेठ रोडच्या बाजूला एका बोळात त्यांचं काम चालतं. पत्र्याची शेड, समोर दोन रिक्षा, एक उघडं पडलेलं ४०७चं केबिन. मेस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी पोच्याकडे बघितलंच नाही आधी. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केलं, आणि दाराखालच्या त्या जुन्या आरशासारख्या पत्र्यापाशी थांबले. तिथे आवाज वेगळा येत होता. बद्द. मातीच्या मडक्यासारखा.

"इथे कोणी काम केलंय?"

मी गप्प. मामाने माझ्याकडे बघितलं.

मेस्त्रींनी छिन्नी लावली, हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि अर्ध्या हाताएवढा तुकडा खाली पडला. तो पत्रा नव्हता. लांबी होती, म्हणजे पुट्टी. करंगळीएवढी जाड. तिच्यामागे पत्रा असायला हवा होता तिथे तपकिरी भुगा. मग त्यांनी आतली रबरी चटई उचलली आणि डाव्या बाजूच्या तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. टेकवला फक्त, दाबला नाही. तो आरपार गेला. या जागेवर मामाचा पोऱ्या रोज पाय ठेवून बसतो.

कारण ऐका. दाराखालच्या पोकळ पत्र्यात पावसाचं पाणी जातंच. ते बाहेर पडावं म्हणून कंपनीने खाली लहान भोकं ठेवलेली असतात. आधीच्या कारागिराने पोचा न काढता वरून लांबी थापली आणि ती भोकंही बुजवली. दोन पावसाळे पाणी आत साचून राहिलं. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे रंगावर फोड दिसेपर्यंत आत सगळं संपलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, एरर येत होती म्हणून आम्ही एरर दुरुस्त केली नाही, लॉगिंग बंद केलं. आणि त्या कामाला घासाघीस करून बत्तीसशे दिले!

आता तुम्ही म्हणाल, एका कामचुकार गॅरेजवाल्यावरून एवढा गहजब कशाला? माझा मुद्दा असा आहे की तो कामचुकार नव्हता. त्याने मी जे विकत घेतलं तेच मला दिलं. मी "पोचा काढ" म्हणालो नव्हतो, "दिसायला नको" म्हणालो होतो. बत्तीसशे रुपयांत आणि एका दिवसात दिसेनासाच होतो, निघत नाही.

पोचा काढणं म्हणजे काय हे मी त्यानंतर सलग तीन शनिवार त्या शेडमध्ये बसून बघितलं. (पिंपरीहून मेट्रोने थेट स्वारगेट. २०२४च्या सप्टेंबरात भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून एवढं एक सुख आहे.) पत्र्याला मार बसला की तो नुसता आत जात नाही, काही ठिकाणी ताणला जातो आणि जिथे घडी पडते तिथे कडक होतो. म्हणून मधोमध हातोडी हाणून चालत नाही. आधी कडेच्या घड्या सोडवायच्या, मग आत जायचं. मार बसला त्याच्या उलट क्रमाने. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून हातोडीने हलके हलके ठोके. ठोकळ्यावर नेमका ठोका बसला तर पत्रा पसरतो, बाजूला बसला तर उंचवटा खाली जातो. हा फरक हाताला कळावा लागतो, डोळ्याला दिसत नाही. मेस्त्री मधूनमधून डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतात. पत्रा जास्तच ताणला गेला असेल तर तो डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो. मग त्या ठिपक्यापुरता गॅसने तापवायचा आणि ओल्या फडक्याने झटकन थंड करायचा. तो आकसतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आपण हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं, तो माणूस त्यावर घर चालवतो.

मग लांबी वाईट का? अजिबात नाही. मेस्त्रींनीही लावली. पण पत्रा जितका सरळ होतो तितका करून, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, शेवटचे खवले भरण्यापुरती. दोन-तीन मिलिमीटर, बस्स. लांबीत टाल्कसारखी पूड असते आणि ती ओल धरते. म्हणून तिच्यावर लगेच प्रायमर लागतो, तशीच उघडी ठेवून गाडी आठवडाभर पावसात फिरवली की पुढचा गंज तुम्हीच पेरला. आणि जाड थापलेली लांबी पिकअपवर टिकत नाही, कारण पिकअप म्हणजे तुमची हॅचबॅक नव्हे. खाली वेगळी चॅसी, तिच्यावर वेगळं केबिन, वेगळा हौदा. खड्ड्यातून भरलेली गाडी जाते तेव्हा हे सगळं आपापल्या तालात हलतं. पत्रा वाकतो, लांबी वाकत नाही, तडकते. तडकली की पाणी.

म्हणजे नवीन पार्ट घालणं बरं, असं कुणाला वाटेल. सगळे सुशिक्षित लोक इथेच येऊन थांबतात. मीही थांबलो होतो. "जेन्युइन पार्ट" म्हटलं की आपल्याला पवित्र वाटतं. पण एका हाताएवढ्या पोच्यासाठी अख्खं दार भंगारात टाकणं आणि पोच्यावर करंगळीभर लांबी थापणं ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत. दोन्हीकडे मधलं काम, म्हणजे पत्र्याचं काम, टाळलेलं असतं. एक श्रीमंतांचा शॉर्टकट, दुसरा गरिबांचा. शिवाय नवीन दार लावलं असतं तरी दाराखालचा तो भुगा तसाच राहिला असता. बावन्न हजाराच्या एस्टिमेटमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता, कारण फोटोत तो दिसत नाही.

आणि पार्ट घ्यायचा कुठून? जुन्या मॉडेलचे पार्ट शोधायला नाना पेठेत फिरून बघा. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. पुढे अपिलं वगैरे व्हायची ती झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं. छान झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी दुरुस्ती करणारा हात लागतो ना?

"विमा असतो की" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. मामाचा नुसता थर्ड पार्टी आहे, त्यामुळे प्रश्नच मिटला. पण पूर्ण विमा असता तरी? व्यापारी गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, बंपर, हेडलाइट आणि रंग यांचं नुकसान धरतच नाहीत, गाडी पूर्ण गेली तरच. ते हवं असेल तर जादा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं. म्हणजे पिकअपचं जे पहिलं ठोकलं जातं तेच नेमकं वगळलेलं! दुसरी गंमत आणखी शिकण्यासारखी. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर विमा कंपनी पन्नास टक्के घसारा कापते. मजुरीवर मात्र घसारा नाही. २००२च्या मोटर टॅरिफपासूनचा हा हिशेब आहे. थोडक्यात, ज्यांनी तो कोरडा नियम लिहिला त्यांनाही एवढं कळत होतं की वस्तू जुनी होते, हाताचं काम जुनं होत नाही.

आपल्याला ते कळत नाही. मी स्वतःचंच उदाहरण देतो. माझी कंपनी माझे तास परदेशी क्लायंटला विकते. मी तीन तास विचार करून एक ओळ बदलली, तर तीन तासांचं बिल जातं, आणि ते योग्यच आहे असं मी छातीठोकपणे सांगतो. ओळ एक असली तरी कुठली ओळ बदलायची हे कळायला पंधरा वर्षं लागली, वगैरे वगैरे. तोच मी मेस्त्रींच्या दारात उभा राहून म्हणतो, "नुसतं ठोकायचं तर आहे, त्याचे एवढे?" पार्टवर छापील किंमत असेल तर आपण मुकाट देतो. हातावर किंमत छापलेली नसते म्हणून घासाघीस करतो. मग हात विकणारा माणूस हळूहळू पार्ट विकायला लागतो. त्यात त्याची काय चूक?

मेस्त्रींकडे सध्या एकही शिकाऊ पोरगा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा डिलिव्हरीची बाइक चालवतो. मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, हे शिकायला पाच वर्षं जातात. पाच वर्षं त्याला मी काय देऊ? गिऱ्हाईक तर लांबीचेच पैसे देतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर शेडमध्ये रंग मारताना तोंडाला रुमाल. आजच्या टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये जे आयसोसायनेट असतात त्यांनी कायमचा दमा जडू शकतो, रुमालाने ते अडत नाहीत. चांगला मास्क, हवा खेळती असलेली जागा, हे सगळं पैशानेच येतं. आपण वाचवलेले आठशे रुपये कुणाच्या तरी छातीतून जातात, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. असल्या गाड्या ठेवाव्यातच कशाला? धूर ओकतात, असुरक्षित असतात, भंगारात काढा आणि नवीन घ्या. २०२१ साली केंद्राचं स्क्रॅपिंग धोरण आलं, २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांची फिटनेसची फी कितीतरी पटीने वाढली. धुराचा मुद्दा मला मान्य आहे, अगदी शंभर टक्के. २०२०च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सिक्स गाडीपुढे २००९ची डिझेल गाडी म्हणजे चूल आहे. चॅसीला तडा गेला असेल, केबिन जिथे चॅसीवर बसतं ते कान सडले असतील, तर मीही म्हणेन काढा. त्यात भावनेचा प्रश्न नाही.

पण हा निर्णय गाडीची तपासणी करून घ्यायचा असतो, पोचा बघून नाही. आठ वर्षांनंतर व्यापारी गाडीला दरवर्षी पासिंग असतं ते त्यासाठीच. आणि आपल्याकडे पासिंगच्या आधी काय करतात? रंग मारतात! सडक्या तळावर चटई, लांबीवर रंग, रंगावर 'हॉर्न ओके प्लीज'. दिसण्यावरून गाडी भंगारात काढणारे आणि दिसण्यावरून पास करून घेणारे, दोघांचंही तत्त्वज्ञान एकच. पत्रा कुणीच वाजवून बघत नाही. शिवाय नवीन पिकअपचा हप्ता कांद्याच्या भावाबरोबर वर-खाली होत नाही, हे मामाला माहीत आहे. मला कॉर्पोरेट लोनच्या जमान्यात ते समजायला वेळ लागला.

तर सांगायचा मुद्दा असा की निदान आपण, ज्यांना परवडतं, त्यांनी तरी शिस्त लावून घ्यावी. गाडी कुठलीही असो, तुमची स्विफ्ट का असेना. लांबी लावायच्या आधी उघडा पत्रा मला बघायचाय, असं सांगायचं. फोटो नको, प्रत्यक्ष. आतून गंज बघायचा, पाणी जायची भोकं मोकळी आहेत का विचारायचं, आतून गंजरोधक मारायला लावायचं. "किती दिवसांत देता" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. पार्टचे आणि मजुरीचे पैसे वेगळे लिहून घ्यायचे, आणि घासाघीस करायचीच तर पार्टवर करायची, मजुरीवर नाही. आणि जो पोचा नुसताच दिसतो, ज्याने रंग फुटलेला नाही, पत्रा फाटलेला नाही, काही अडत नाही, तो खुशाल राहू द्यायचा.

हे शेवटचं मला मेस्त्रींनीच शिकवलं. सडलेला तळ आणि दाराखालचा पत्रा कापून त्यांनी नवीन पत्रा वेल्डिंग केला, मडगार्ड आणि दार ठोकून काढलं, जिथे उघडं झालं तिथे प्रायमर, मग रंग. तीन आठवडे, शनिवार-रविवार आणि मामाच्या सुट्टीच्या दिवशी, धंदा बुडू न देता. एकूण एकवीस हजार, त्यात मजुरी चौदा. मी या वेळी एक रुपया कमी करा म्हणालो नाही. मामाने सवयीने तोंड उघडलं होतं, मी त्याचा हात दाबला.

शेवटच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हौद्याचा कोपरा तसाच चेपलेला आहे. मी म्हणालो, "मेस्त्री, हे राहिलं की."

त्यांनी फाळका उघडून आतून हात फिरवला, बंद केला, कडी लावून बघितली. नीट बसत होती. म्हणाले, "फाळका बसतो, पत्रा फाटला नाही, रंगाला धक्का नाही. त्याचे पैसे कशाला घेऊ? कांद्याला दिसत नाही ते."

मामा हसला. पोऱ्या डाव्या बाजूने चढला आणि नव्या तळावर त्याने दोनदा पाय आपटून बघितला. ठण ठण आवाज आला.

गाडी मार्केट यार्डाकडे गेली, मी मेट्रोच्या जिन्याकडे. सोमवारी ऑफिसात एका जुन्या मॉड्यूलचं काम आहे. मॅनेजरचं म्हणणं, डेमो आहे, वरून काहीतरी करून टाक. बघू. आधी वाजवून बघेन म्हणतो.